वाचकांचे प्रश्न : पायाची जुनी सवय

प्रश्न : माझे वय ५७ आहे. १९८९ ते २००१ पर्यंत मी उजवीकडे गिअर असलेली जुनी बुलेट रोज चालवत असे. पुढे कार आली आणि मोटारसायकल सुटली ती सुटलीच. आता ३५० सीसीची नवी गाडी घेण्याचा विचार आहे. मुलगा म्हणतो, ‘बाबा, या वयात कशाला?’ बारा वर्षे चालवलेली गाडी हातपाय विसरत नाहीत, असे मला वाटते. आपले मत काय?
– एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : गाडी जरूर घ्या. मात्र हातपाय विसरत नाहीत याचा तुम्हाला जो आधार वाटतो, त्याचीच मला काळजी वाटते. तुमच्या बुलेटचा गिअर उजव्या पायाशी आणि मागचा ब्रेक डाव्या पायाशी होता. पहिला गिअर वर, बाकीचे खाली. आजच्या गाडीत हे सारे नेमके उलट आहे. निवांत रस्त्यावर माणूस विचार करून पाय टाकतो. पण शंकरनगर चौकात एखादा ऑटो अचानक आडवा आला की विचाराला उसंत नसते, डावा पाय ब्रेक समजून गिअर दाबतो आणि गाडी थांबायची सोडून खालच्या गिअरमध्ये हिसका देते. जुन्या बुलेटवरून नव्या गाडीवर आलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात माझे दोनदा असे झाले आणि दोन्ही वेळा समोर कोणी नव्हते म्हणूनच निभावले.

म्हणून पहिले पंधरा दिवस रस्ता नको, सकाळचे मोकळे मैदान हवे. मुलाला बरोबर न्या. तुम्ही वीसच्या वेगाने यावे, त्याने मनाला येईल तेव्हा हात वर करावा आणि तुम्ही तिथेच थांबावे. उजवा पाय न चुकता ब्रेकवर पडू लागेपर्यंत हे करत राहा. त्याचबरोबर पुढच्या ब्रेकची भीती काढून टाका. थांबताना भार पुढच्या चाकावर येतो, त्यामुळे गाडी थांबवण्याचे मुख्य काम तोच ब्रेक करतो. शिवाय १२५ सीसीहून मोठ्या नव्या गाड्यांना २०१९ पासून एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीचे आहे. एबीएस फक्त पुढच्या चाकाला असेल, तर मागचे चाक अजूनही घसरू शकते, हे गाडी घेताना विचारून घ्या.

या वर्गातील बऱ्याच गाड्यांचे वजन १८० ते १९५ किलो असते. इंजिन बंद ठेवून ती अंगणात पुढे-मागे ढकलून पाहा. पार्किंगच्या उतारावर मागे घेताना गुडघे आणि कंबर काय म्हणतात, ते तिथेच कळते.

आपल्या शहरात आणखी एक धोका आहे. सिमेंटचा रस्ता आणि बाजूचे गट्टू (पेव्हर ब्लॉक) यांची पातळी अनेक ठिकाणी सारखी नसते, आणि त्या कडेवरून तिरके चढले की चाक कडेला घासून गाडी आडवी होते. वेग कमी करून शक्य तितके काटकोनात चढा.

रात्री समोरच्या दिव्यांनी डोळे दिपत असतील, तर मोतीबिंदूची तपासणी आधी करून घ्या. परवान्यावर गिअरच्या मोटारसायकलचा वर्ग आहे का, तेही पाहा. मुदत संपून वर्षाहून अधिक काळ झाला असेल, तर चाचणी पुन्हा द्यावी लागते.

लांबच्या पहिल्या फेरीला रामटेक चांगले, जेमतेम पन्नास किलोमीटर. नोव्हेंबरातल्या एखाद्या रविवारी उजाडताच निघा. मनसरकडून परतताना महामार्गावर ट्रक फार असतात, तेव्हा अंधार पडायच्या आत घरी या.