‘आई, माझं टॅलेंट कुठलं?’

अमेरिकेतल्या एडिसनहून एका आईचं पत्र आलंय. माहेर आपल्या नाशिकच्या गंगापूर रोडचं, म्हणून मी ते दोनदा वाचलं. त्या लिहितात, "लेक आठ वर्षांची. शाळेच्या लायब्ररीतून परीचं पुस्तक आणलं. त्यातल्या प्रत्येक परीला जन्मतःच एकेक टॅलेंट असतं, एकीला मात्र काहीच नसतं. रात्री पांघरुणातून विचारते, आई, माझं टॅलेंट कुठलं? मला उत्तरच सुचेना. मंडळाच्या गणपतीत तिच्या मैत्रिणी कथक करतात, पेटी वाजवतात. हिला कुठला क्लास लावू?"

कुठलाच नको. अहो, पत्रात क्लासबद्दल तुम्ही तीनदा विचारलंय. त्या बिनटॅलेंटच्या परीबद्दल लेकीला काय वाटलं, हे तिला एकदाही विचारलेलं दिसत नाही. रागावत नाही, मीही हेच केलंय. आम्ही ओहायोत असताना कोणी जेवायला आलं की मी मोठीला पुढे करायचे, "ही गाते हं!" एकदा पाहुण्यांनी धाकट्याकडे बघून विचारलं, "आणि हा?" मी म्हणाले, "हा अजून काही करत नाही." सात वर्षांचा होता तो. हातात सगळ्यांसाठी आणलेल्या पाण्याच्या ग्लासांचा ट्रे, आणि एक थेंब सांडलेला नव्हता. ते मला आज दिसतं, तेव्हा दिसलं नाही.

परदेशात हे जास्त होतं. आपली माणसं भेटतात महिन्यातून एखाद्या शनिवारी, तेवढ्यात मूल लक्षात राहावं म्हणून आपण त्याला चिठ्ठी चिकटवतो: ही गाणारी, तो गणितवाला. नाशकात शेजारच्या आजीची पिशवी धरून कोण जिना चढलं, हे सगळ्या वाड्याला न सांगता कळायचं. तिथे बघणारे तुम्ही दोघंच, आणि तुम्हीही दमलेले.

माझ्या मामांची पिंपळगाव बसवंतला द्राक्षबाग आहे. वेल वर्षातून दोनदा छाटतात. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर नुसत्या काड्या आणि पानं वाढतात, घड धरत नाहीत. पण पुढच्या हंगामाचे घड त्याच काड्यांच्या डोळ्यांत उन्हाळ्यात तयार होतात आणि ऑक्टोबरच्या छाटणीनंतर बाहेर पडतात. मे महिन्यात बागेत येऊन कोणी "घड कुठेत?" विचारलं तर मामा चिडतात. तुमची लेक आत्ता मे महिन्यात आहे.

मग तिला सांगायचं काय? "तुझ्यातही टॅलेंट आहे गं राजा," असं घाईघाईने नको, पोरांना पोकळ कौतुक लगेच कळतं. दिवसभरात तिने केलेली एक गोष्ट, तुम्ही डोळ्यांनी पाहिलेली, जशीच्या तशी सांगा. "सकाळी दादाच्या बुटाची नाडी सुटलेली तुला दिसली आणि तू खाली बसून बांधलीस." पुढे शाब्बास, हुशार काही जोडू नका. आणि पाहुण्यांसमोर नुसतं नाव घ्या, "ही आमची लेक," एवढंच. हे तुम्हाला जड जाईल, मला फार गेलं.

बाकीचं थोडक्यात. तुमच्या सासूबाई म्हणतात परी आपली नव्हे, रामायण द्या. दोन्ही द्या, नदीकाठच्या शेंदूर लावलेल्या साती आसरांना हात जोडतच आपण मोठ्या झालो. लेकीच्या मराठी उच्चारांची काळजी सोडा. २०२७ च्या ऑगस्टमध्ये नाशकात सिंहस्थाची गर्दी असेल, लेकीला घेऊन डिसेंबरात या आणि १८४० पासूनचं आपलं सार्वजनिक वाचनालय तिला दाखवा.

पुस्तक संपलं का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. नसेल तर पुढचं प्रकरण आज तिलाच मोठ्याने वाचायला सांगा, इंग्रजीत चालेल. तुम्ही शेजारी मेथी निवडत बसा. ती परी आली की विचारा, "तुला ही आवडते का गं?" आणि उत्तर येईस्तोवर पानं खुडत राहा.