जुना फोर्ड ८एन गरम झाला की मिसिंग मारतो

प्रश्न: नमस्कार, आम्ही अमेरिकेत ओहायोत राहतो. घर घेतलं त्याच्यासोबत थोडी जमीन आणि शेडमधला जुना फोर्ड ८एन ट्रॅक्टर पण आला, आधीचे मालक म्हणाले १९४९ चा आहे. थंड असताना लगेच सुरू होतो पण वीसेक मिनिटं गवत कापलं की मिसिंग मारतो (मध्येच ठोके चुकतात), चढाला तर आचके देत बंदच पडतो. चोक अर्धा ओढून धरला की बरा चालतो, आणि बंद पडल्यावर थोडं थांबलं की परत सुरू. गावाकडे काकांना फोन केला तर ते म्हणतात लाइनीत हवा धरलीय, एअर काढ. पण एअर काढायचा बोल्टच सापडत नाहीये! नवे प्लग टाकून झाले, आता कार्बोरेटर खोलू का?

उत्तर: नका खोलू, निदान आत्ता तरी. काका बोलले ते त्यांच्या ट्रॅक्टरच्या हिशोबाने बरोबरच आहे, आपल्याकडे सगळे डिझेलवाले, तिथे हवा शिरली की असंच होतं. ८एन पेट्रोलवर चालतो, टाकी वर आणि कार्बोरेटर खाली, पेट्रोल आपल्या वजनानेच उतरतं, त्यामुळे तो बोल्ट तुम्हाला सापडणारच नाही.

तुमच्या पत्रात कामाची गोष्ट म्हणजे चोक. चोक ओढला की हवा कमी जाते आणि पेट्रोल जास्त ओढलं जातं, आणि तेवढ्याने इंजिन सुधारत असेल तर एरवी पेट्रोल कमी पडतंय नाहीतर कुठूनतरी फालतू हवा घुसतेय. त्यात थोडं थांबल्यावर परत चालू होतो म्हणजे कार्बोरेटरची वाटी हळूहळू रिकामी होतेय असा माझा पहिला संशय.

पुढच्या वेळी बंद पडला की आधी टाकीचं झाकण सैल करा. सूं करून हवा आत गेली आणि लगेच नीट चालायला लागला तर झाकणाचं भोक बुजलंय, काम संपलं. नाही झालं तर इंजिन निवू द्या, बॅटरीची वायर काढा, कार्बोरेटरच्या तळाचा छोटा प्लग उघडून खाली पत्र्याचा डबा धरा (आजूबाजूला बिडी-सिगारेट कोणी नको, आणि आग विझवायचा सिलेंडर हाताशी). धार दोन-तीन मिनिटं एकसारखी पडली पाहिजे. सुरुवातीला जोरात आणि मग बारीक होत थेंब थेंब, असं झालं तर वरच्या जाळ्या तुंबल्यात. जाळ्या तीन आहेत आणि लोक एकच साफ करून मोकळे होतात: एक टाकीच्या आत वर उभी, एक टाकीखालच्या काचेच्या वाटीच्या डोक्यावर, आणि तिसरी कार्बोरेटरला नळी जिथे लागते त्या पितळी एल्बोमध्ये, ही तर बऱ्याच जणांना माहीतच नसते. पहिलीसाठी टाकी रिकामी करावी लागते, कंटाळवाणं काम आहे पण जुन्या टाकीतला गंज तिथेच अडकतो. आणि हो, मध्ये प्लास्टिकचा फिल्टर लावू नका, पंप नसल्यामुळे तेवढा अडथळा पण ह्याला जास्त होतो.

धार चांगली असेल तर मॅनिफोल्डचं (कार्बोरेटरकडून इंजिनात जाणाऱ्या नळीचं) गॅस्केट बघा. थंड इंजिन सुरू करून आयडलवर ठेवा आणि जोडावर स्प्रेच्या बाटलीने पाण्याचा हलका फवारा मारा, आवाज बदलला की हवा तिथूनच घुसतेय.

मग करंट. खरं तर गरम झाल्यावर बंद आणि निवल्यावर चालू हे कॉइलचं (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवते ती) पण लक्षण आहे, पण कॉइल गेली तर चोक ओढून सहसा फरक पडत नाही, म्हणून शेवटी ठेवलंय. मूळ गाडी ६ व्होल्टची, प्लस अर्थ, म्हणजे बॅटरीचं प्लस टोक बॉडीला. कोणी १२ व्होल्ट करून ठेवली असेल आणि रेझिस्टर घातला नसेल तर कॉइल तापून वितळायला लागते. प्लगची गॅप ०.०२५ इंच ठेवा. नवे प्लग टाकताना वायरी अदलाबदल झाल्या नाहीत ना तेही बघा, ठिणगी पडायचा क्रम १-२-४-३ आहे, आपल्या सवयीचा १-३-४-२ नाही. पॉइंटची (करंट चालू-बंद करणाऱ्या टोकांची) गॅप ०.०१५ इंच, फीलरने (गॅप मोजायच्या पातळ पत्तीने) मोजा, आणि मोजून झाल्यावर पॉइंटमधून कोरं कडक कार्ड एकदा ओढून घ्या, फीलरचं तेल पुसलं जातं, नाहीतर नवे पॉइंट टाकून पण मिसिंग तशीच राहते.

ही पॉइंटची गॅप डिस्ट्रिब्युटर (प्लगना करंट वाटणारा भाग, पॉइंट ह्यातच असतात) इंजिनच्या पुढे असेल तरची. १९५० मध्ये तो बाजूला आला, त्याला ०.०२५ लागते. मालकांनी सांगितलेल्या सालावर जाऊ नका, बॉनेट उघडून बघा आणि परत लिहाल तेव्हा कळवा.