पाच प्रमाणपत्रं झाली, तरी विजेच्या धड्याची धास्ती कायम

प्रिय ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पदवी प्राणिशास्त्राची, बारा वर्षं सहावी ते आठवीला विज्ञान शिकवताय. पेशी, पचनसंस्था हातखंडा. वीज आणि प्रकाश आले की पोटात गोळा येतो. दोन वर्षांत पाच ऑनलाइन कोर्स केलेत, पण वर्गातला तास होता तसाच आहे. आता आणखी एक मोठा कोर्स घ्यावा, की नोकरी सांभाळून भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करावं, असं विचारलंयत.

आधी एक सांगते. यात तुम्ही कुठेही कमी पडलेला नाहीत. व्हिडिओ बघायचा, दहा प्रश्नांवर टिक करायची, प्रमाणपत्र उतरवून घ्यायचं, अशा कोर्समधून शिकवणं बदलत नाही. कारण त्यात तुमच्या हाताला काही कामच नसतं.

आज रात्री एक करून बघा. दीड व्होल्टचा सेल, टॉर्चचा छोटा बल्ब आणि तारेचा एकच तुकडा घ्या. बल्ब लावा. बहुतेक जण तार सेलच्या टोकापासून बल्बच्या बुडाला जोडतात आणि वाट बघत बसतात. बल्ब लागत नाही. कारण बल्बला जोडणीच्या जागा दोन असतात, एक बुडाचा ठिपका आणि दुसरी बाजूची धातूची आटेदार कडा. ठिपका सेलच्या एका टोकावर टेकवा, दुसऱ्या टोकाकडून आलेली तार कडेला लावा, की उजेड पडतो. (तार सेलच्या दोन्ही टोकांना थेट जोडून धरू नका, चटका बसेल. घरातल्या विजेवर तर हा प्रयोग अजिबात नको.) हे स्वतःच्या बोटांनी जमलं की ‘परिपथ पूर्ण होणे’ हे शब्द तुम्ही वेगळ्याच आवाजात उच्चाराल.

कोर्स निवडताना मी हेच बघेन. तो तुमच्याकडून घरी प्रयोग करून घेतो का? मुलांच्या पक्क्या गैरसमजांवर वेळ देतो का? बल्ब विजेची धारा ‘खाऊन टाकतो’ असं मुलांना वाटतं. प्रत्यक्षात बल्बच्या आधी आणि नंतर धारा मोजणारा अ‍ॅमीटर सारखंच दाखवतो. पृथ्वी सूर्याजवळ गेली की उन्हाळा येतो, हा दुसरा गैरसमज. पृथ्वी सूर्याच्या सर्वात जवळ असते ती जानेवारीच्या सुरुवातीला, आणि तेव्हा उत्तर गोलार्धात हिवाळा असतो. आणि सर्वात महत्त्वाचं म्हणजे, तुम्ही घेतलेल्या तासाबद्दल, मुलांच्या वह्यांबद्दल कुणी माणूस तुमच्याशी बोलतो का? हे नसेल तर कोर्स कितीही नावाजलेला असो, सोडून द्या. एकाच विषयावर सहा आठवडे घालवणारा कोर्स मला ‘संपूर्ण विज्ञान’ तीन दिवसांत उरकणाऱ्यापेक्षा केव्हाही बरा वाटतो.

जोडीला अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाचं ‘फेट’ (PhET) हे संकेतस्थळ वापरा. नोबेल विजेते कार्ल वीमन यांनी ते 2002 मध्ये सुरू केलं. त्यावरची सिम्युलेशन, म्हणजे पडद्यावर करून बघायचे प्रयोग, मोफत आहेत, बरीचशी मराठीतही आहेत. फक्त क्रम पाळा. आधी खरा बल्ब, मग पडद्यावरचा.

एम.एस्सी.चं म्हणाल तर वरच्या वर्गांना शिकवायचं मनात असेल तरच करा. आठवीच्या मुलांसाठी तुम्हाला क्वांटम यांत्रिकी नको आहे. ‘धारा कुठे जाते?’ या प्रश्नापुढे न डगमगता उभं राहता यायला हवं. बढतीसाठी कोर्स करणार असाल तर पैसे भरण्याआधी मुख्याध्यापकांकडून तो ग्राह्य धरला जाईल का, हे लेखी घ्या. तोंडी ‘हो’वर विसंबू नका.

विजेचा धडा किती आठवड्यांवर आहे ते पाठटाचणात बघा आणि तो वर्गात चालू असताना चालू राहील असाच कोर्स धरा. सोमवारी शिकलेलं गुरुवारी मुलांसमोर करून बघता आलं पाहिजे. शाळेतली एखादी मैत्रीण सोबत घेतलीत तर उत्तम. दिवसभर सहा तास उभं राहून आल्यावर रात्री एकटीने लॅपटॉप उघडणं किती जड जातं, ते मला माहीत आहे.