लिफ्ट किट की मड टायर? आधी गाडीखाली आडवे व्हा

नवी फोर बाय फोर घेतलीय, जंगलातल्या आडवळणाच्या कच्च्या रस्त्यांवर न्यायचीय, तर आधी लिफ्ट किट (गाडी उंच करणाऱ्या स्प्रिंगा वगैरे) बसवू की मड टायर (चिखलासाठीचे खोल खाचांचे टायर), असं तुम्ही विचारलंय. सध्या दोन्ही नको. एक बऱ्यापैकी एअर कॉम्प्रेसर आणि खात्रीचा प्रेशर गेज घ्या, बाकीचे पैसे डिझेलला ठेवा.

लिफ्टबद्दल बराच गैरसमज आहे. ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीखालची मोकळी उंची, मोजतात तो सगळ्यात खालच्या भागापासून. मागे सॉलिड ॲक्सल (दोन्ही चाकं जोडणारा एकसंध आस) असेल तर तो भाग बहुतेक वेळा डिफरन्शियलचा, म्हणजे दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या डब्याचा, फुगवटा असतो. तो ॲक्सललाच असल्यामुळे उंच स्प्रिंगा टाकून बॉडी कितीही वर नेली तरी जागचा हलत नाही. टायर मोठे घातले तरच तो वर जातो, आणि तेही टायरचा व्यास जेवढा वाढला त्याच्या निम्माच. लिफ्टने ॲप्रोच आणि डिपार्चर अँगल (पुढचं-मागचं टोक न घासता किती तीव्र चढ-उतार घेता येतो ते) सुधारतात, मान्य. पण गुरुत्वमध्यही वर सरकतो, आणि रस्ता एका अंगाला कलला की ते महागात पडतं. म्हणून एकदा गाडीखाली आडवे व्हा आणि तो फुगवटा नेमका कुठल्या बाजूला आहे ते बघून ठेवा. मग मोठा दगड दोन चाकांच्या मधून काढायचा मोह होणार नाही. सरळ चाक त्याच्यावर चढवाल, म्हणजे ॲक्सलही उचलला जाईल.

खरा फरक पडतो तो हवेने. डांबरावर ३२-३५ पीएसआय असेल तर खडबडीत रस्त्यावर २५ च्या आसपास आणा, मऊ वाळूत १८-२० पर्यंत. टायर जमिनीवर लांबट पसरतो, पकड वाढते, हाडं खिळखिळी होत नाहीत. १५ च्या खाली मात्र टायर रिमवरून निसटायची भीती. आणि हवा कमी केली की टायरची कड बाहेर फुगते, तेव्हा धारदार दगड आणि तुटके बुंधे असतील तिथे बेताने. वेगही कमीच ठेवा.

लो रेंज (फोर बाय फोरमधले कमी वेगाचे, जास्त ताकदीचे गिअर) चढ-उतार सुरू होण्याआधी, गाडी थांबवून टाका. उतरताना पहिला गिअर, पाय क्लचपासून लांब, इंजिनलाच गाडी धरू द्या. चढावर दम तुटला तर वळवायच्या भानगडीत पडू नका, गाडी आडवी झाली की उलटते. रिव्हर्स टाकून आलात तसे सरळ मागे या. आणि अंगठे स्टीअरिंगच्या कडेवर बाहेरून ठेवा. पुढचं चाक दगडावर आपटलं की चक्र झटक्यात फिरतं आणि आतले आरे अंगठ्यावर बसतात.

ओढ्यात आधी चालत जाऊन तळ चाचपा. चालत जायची हिंमत होत नसेल तर गाडीही घालू नका. पाण्यात इंजिन बंद पडलं तर स्टार्टर मारू नका. पाणी सिलिंडरमध्ये गेलं असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

अडकलेली गाडी टो बॉलला (ट्रेलर जोडायच्या मागच्या गोळ्याला) दोरी लावून ओढायची नाही, म्हणजे नाहीच. तो बॉल तुटून गोळीसारखा उडतो, माणसं गेली आहेत त्यात. कंपनीने दिलेला रिकव्हरी पॉइंट (गाडी ओढायची मजबूत जागा) आणि किती भार पेलते ते रेटिंग लिहिलेली शॅकल, म्हणजे दोरी अडकवायची लोखंडी कडीच वापरा. एकटी गाडी असेल तर मी गाडी वळवायची शेवटची जागा कुठे होती ते लक्षात ठेवत जातो; पुढे झाड आडवं पडलेलं निघालं तर तिथपर्यंत रिव्हर्समध्येच यावं लागतं.

गाडीत पार्ट-टाइम फोर व्हील (गरजेपुरतं चारही चाकांना ताकद देणारी सोय) असेल तर डांबर लागलं की ते काढून टू व्हीलवर या. कोरड्या रस्त्यावर वळताना पुढची-मागची चाकं वेगळं अंतर कापतात आणि ताण सगळा ट्रान्सफर केसवर, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरच्या डब्यावर, येतो. हवा भरा. उंच वाळक्या गवतातून आला असाल तर सायलेन्सरला गुंतलेलं गवतही काढा, पण वाटेतच थांबून. घरी पोचेपर्यंत ते पेटू शकतं.