रोज ध्यान करूनही राग येतो, मग चुकतंय कुठे?

“मॅडम, दोन वर्षं झाली, रोज पहाटे उठून आसनं करते, ध्यानाला बसते. तरी संध्याकाळी पोरावर ओरडतेच. मग हे सगळं ढोंगच म्हणायचं ना?”

मी समुपदेशक आहे. हा प्रश्न घेऊन माझ्याकडे बरेच जण येतात. त्यातल्या एका बाईंची गोष्ट त्यांची परवानगी घेऊन, ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून सांगते.

वय एक्केचाळीस. घर घोडबंदर रोडला, नोकरी रबाळ्याला. बसने ठाणे स्टेशन, तिथून पनवेल लोकल, आणि संध्याकाळी हेच उलट. मुलगा सातवीत. आदल्या आठवड्यात त्याच्या वहीवर चहा सांडला म्हणून त्या इतक्या ओरडल्या की शेजारच्यांनी दार उघडून पाहिलं. मुलगा उलटून काही बोलला नाही. फक्त म्हणाला, “आई, आज सकाळी ध्यान नाही केलंस का?”

हे सांगताना त्यांनी मांडीवरच्या पर्सचा पट्टा बोटांभोवती घट्ट गुंडाळला होता. बोटांची टोकं पांढरी पडली होती.

मी त्यांना जरा ध्यानाला बसायला सांगितलं, घरी बसतात तसंच. पाठ ताठ, जबडा आवळलेला, खांदे कानांकडे ओढलेले. श्वास आत घेतला की तो छातीतच अडकून राहायचा. दोन मिनिटांनी डोळे उघडून म्हणाल्या, “बघा, आत्ताही विचार आलेच.” परीक्षेत नापास झाल्यासारखा आवाज होता तो.

मग आठ दिवस एवढंच लिहून आणायला सांगितलं: झोपलात किती वाजता, उठलात किती वाजता, राग आला किती वाजता, आणि त्याआधी शेवटचं कधी खाल्लं होतं. वही आली तेव्हा फार काही शोधावं लागलं नाही. झोप रात्री बारा ते पहाटे पावणेपाच. दुपारी एकचा डबा, त्यानंतर पोटात फक्त चहा. आणि राग जवळजवळ रोज पावणेआठ ते साडेआठमध्ये, म्हणजे घरात पाऊल टाकल्यापासून कुकरची शिट्टी होईपर्यंत.

मी म्हटलं, “आधी योगाची वेळ कमी करा. एक तास जास्त झोपा.” त्यांना धक्काच बसला. साधना कमी करायला सांगणारी समुपदेशक त्यांना अपेक्षित नव्हती.

तेव्हा त्यांना सोणाची कथा सांगितली. विनयपिटक आणि अंगुत्तर निकाय या बौद्ध ग्रंथांत ती आहे. राजगृहाजवळच्या शीतवनात सोण नावाचा भिक्षू चालत ध्यान करायचा, इतक्या हट्टाने की पाय फुटून रक्त यायचं. तरी मन शांत होईना, तेव्हा परत घरी जावं असं त्याच्या मनात आलं. बुद्धांनी त्याला त्याच्या जुन्या आयुष्यातलं विचारलं, कारण घरी असताना तो वीणा छान वाजवायचा. तारा फार ताणल्या तर सूर लागतो का? नाही. फार सैल सोडल्या तर? तरीही नाही. पतंजलींनी आसनाची व्याख्या केली ‘स्थिरसुखमासनम्’, आणि लगेच पुढच्या सूत्रात ते साधण्यासाठी प्रयत्नशैथिल्य, म्हणजे प्रयत्नाचा ताण सैल सोडणं, सांगितलं. आपण ‘स्थिर’ पकडून बसतो आणि ‘सुख’ विसरतो. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण नोकरी-घर सांभाळणाऱ्या बायका योगसुद्धा आणखी एका कामासारखा करताना मी रोज पाहते.

दुसरी गोष्ट अपराधीपणाची. संयुत्त निकाय या बौद्ध ग्रंथात दोन बाणांचा दृष्टांत आहे. शरीराला वेदना झाली हा पहिला बाण. त्या वेदनेवर माणूस शोक करत, छाती पिटत बसतो, हा दुसरा. मूळ दृष्टांत शारीरिक वेदनेचा आहे, पण या बाईंचं अगदी तेच चाललं होतं. राग दहा मिनिटांत ओसरायचा. ‘मी वाईट आई आहे’ मात्र रात्री बारापर्यंत चालायचं. म्हणून झोप नाही, आणि झोप नाही म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा राग.

मग ठरलं ते साधं होतं. उठायचं पावणेसहाला, वीस मिनिटं पुरे. संध्याकाळी ठाणे स्टेशनवर बस धरण्याआधी केळं किंवा मूठभर चणे. घराच्या दारात बेल वाजवण्याआधी पर्स खाली ठेवायची आणि तीन श्वास सोडायचे, घेतला त्याच्या दुप्पट लांब. श्वास सावकाश सोडताना हृदयाचे ठोके मंदावतात, शरीर जरा सैलावतं. ओरडून झालंच तर झोपण्याआधी मुलाला एवढंच सांगायचं, “मी ओरडले, ते चुकलं.” पुढे ‘पण तू सुद्धा’ जोडायचं नाही. आणि रात्री मैत्री भावना, म्हणजे सगळ्यांचं भलं चिंतणारं ध्यान, आधी स्वतःसाठी: मी सुखी असो. हे वाक्य म्हणताना त्या पहिल्यांदा रडल्या. मुलासाठी, सासूबाईंसाठी सहज म्हणता आलं होतं.

रक्तही तपासायला लावलं. हिमोग्लोबिन बरंच कमी निघालं, त्याचे उपचार डॉक्टरांकडे सुरू झाले. थकव्याचं, चिडचिडीचं कारण शरीरात असेल तर ते नुसत्या प्राणायामाने जात नाही. हात उगारला जात असेल, वेळ मिळूनही झोप लागत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर मनोविकारतज्ज्ञांकडे जाच. सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या नंबरवर मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

तीन महिन्यांनी त्या आल्या तेव्हा राग गेला नव्हता. कंपासपेटी हरवली म्हणून परवाच ओरडल्या होत्या. “पण मॅडम, ओरडताना मला माझा आवाज ऐकू आला. मध्येच थांबले. पोरगं बघतच राहिलं, आता पुढे काय म्हणून. मी म्हटलं, काही नाही, चल, दोघं मिळून शोधू.”

कंपासपेटी सोफ्याखाली सापडली.