मेंढीच्या नडगीत प्लेट टाकल्यावर हाड जुळतंय की नाही हे जिवंतपणी कसं बघतात?

मुख्य काम साध्या एक्स-रेवरच चालतं, समोरून आणि बाजूने असे दोन, ठरावीक आठवड्यांनी, आणि दरवेळी पाय त्याच पोझिशनमध्ये हवा नाहीतर तुलनाच करता येत नाही. मग रस्ट स्कोअर देतात, म्हणजे एक्स-रेवरून हाड किती जुळलं याचे गुण, दोन्ही एक्स-रेत दिसणाऱ्या चार कॉर्टेक्सना (हाडाच्या बाहेरच्या टणक भिंतींना) प्रत्येकी १ ते ३, म्हणजे एकूण ४ ते १२. पण सुरुवातीचा कॅलस, म्हणजे मोडलेल्या जागी भरून येणारा नवा भाग, मऊ असतो, त्यात कॅल्शियम कमी, म्हणून एक्स-रेत दिसतच नाही, तो अल्ट्रासाउंडवर आधी दिसू शकतो. सीटी भारी, पण धातूच्या प्लेटमुळे इमेजवर पट्टे येतात आणि भूलही द्यावी लागते, त्या मुक्या जीवाला उगाच सारखी भूल देऊ नये असं मला मनापासून वाटतं. मायक्रो-सीटी, म्हणजे खूप बारीक तपशील दाखवणारं सीटी, मात्र प्रयोगाच्या शेवटी, हाड बाहेर काढल्यावरच.