टाके सुकले, पण बोट अजून बधीरच

प्रश्न : डॉक्टर, मी खानापूर तालुक्यातली. सुगीत भात कापताना डाव्या हाताच्या अंगठ्याशेजारच्या बोटाला मुळाशी विळा लागला, रक्ताची नुसती धार. लगेच टाके घातले, बोट वाकतंय म्हणजे नस तुटली नाही म्हणून सांगितलं. आता तीन महिने झाले, बोटाची अंगठ्याकडची बाजू बधीर आहे आणि वणावर टिचकी मारली की करंट बसतो. ताकदीची इंजेक्शनं चालू आहेत. आपोआप बरं होईल काय?

उत्तर : ताई, बोट वाकणं वेगळं आणि बोटाला कळणं वेगळं. बोट वाकवणारे स्नायू कोपराखाली आणि तळव्यात असतात, बोटात स्नायूच नाही, त्यामुळे बोटातली नस, म्हणजे रक्ताची नाही तर स्पर्श कळवणारी, पूर्ण तुटली तरी बोट वाकतंच. टाके घालायच्या आधी, बधिरतेचं इंजेक्शन द्यायच्या आधी, बोटाच्या दोन्ही बाजूंना स्पर्श कळतोय का हे बघायला हवं होतं. एका मिनिटाचं काम, आणि तेच राहून जातं याचं फार वाईट वाटतं.

प्रत्येक बोटाला तळव्याच्या अंगानं दोन बाजूंनी दोन संवेदनेच्या नसा जातात, सोबत धमनी असते, आणि बोटात नस धमनीच्या पुढे म्हणजे कातडीच्या जवळ असते, म्हणून तळव्याकडून घाव बसून धार लागली असेल तर वाटेतली नस वाचणं कठीण. तुमचं तेच झालं असावं. घरी बघा, कोमट पाण्यात अर्धा तास हात ठेवा, बाकी बोटं सुरकुततील पण नस तुटलेली बाजू गुळगुळीत राहील, तिथं घामही येत नाही.

नस जुळलेली असेल तर तिचे तंतू दिवसाला साधारण १ मिलीमीटर वाढतात आणि टिचकीची मुंगी महिन्यागणिक शेंड्याकडे सरकते. तुमचा करंट तीन महिन्यांनीही वणावरच बसत असेल तर टोकं सुटलीत आणि तंतूंची तिथंच गाठ झालीय असं धरून चला. ताकदीच्या इंजेक्शनानं तुटलेली नस जुळत नाही, त्यावर पैसे घालवू नका.

बेळगावात प्लास्टिक सर्जनला किंवा हाताच्या सर्जनला दाखवा, आणि लवकर. पहिल्या एक-दोन आठवड्यांत टोकं मायक्रोस्कोपखाली केसाहून बारीक दोऱ्यानं थेट शिवता येतात, आता ती आखडली असतील तर मधे दुसरीकडची बारीक नस घालावी लागेल. मोठ्या माणसात अगदी पूर्वीसारखं क्वचितच होतं, पण टोचलेलं भाजलेलं कळायला लागतं, गाठीचा त्रासही कमी होऊ शकतो. सुई धरायला, तांदळातला खडा उचलायला नेमकी हीच बाजू लागते, म्हणून ऑपरेशनचा विचार जरूर करा.

तोवर भाकरी हातानं उलटू नका, उलथनं घ्या, आणि रोज रात्री बोट उजेडात नीट बघा, फोड आला तरी तुम्हाला तो दुखून कळणार नाही.